व त्याची पत्नी

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, मिस्सा संपल्यावर, सासऱ्यांनी आम्हा दोघांना चर्चमागच्या सिमेट्रीत नेलं. नव्या सुनेची पूर्वजांशी ओळख करून द्यायची म्हणून. भिंतीलगत काळ्या दगडाची एक जुनी कबर होती. तिच्यावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं, अगदी आडनावासकट. खाली लिहिलं होतं, 'व त्याची पत्नी'. पत्नीला नाव नव्हतं. अंगावर नवी साडी, केसांत सोनचाफा, आणि मी स्वतःच्याच कबरीपुढे हात जोडून उभी होते.

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या वसईत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, थोरल्या नातीला आजीचं. म्हणजे कबर ह्यांच्या आजोबांची. तरी हे हसून म्हणाले, "आपला दगड तयारच आहे. खर्च वाचला." सासरे हसले. मीही हसले, कारण नवी होते. पुढे दर वर्षी हा विनोद ऐकला आणि दर वर्षी हसले. नंतर नंतर हसायचं विसरले, तरी ह्यांना कळलं नाही.

माझं माहेर वटारचं. सासर गासच्या पुढे, वाडीतलं घर. पूर्वी तिथून केळीच्या बागा दिसत, आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि आमच्या अंगणात दुपारी दोननंतर ऊन येत नाही. कुणी छळलं म्हणावं तर तसं नाही. सासू तोंडाची फटकळ, पण मनाची बरी. नवरा सरळ. मी शाळेत मराठी शिकवायचे, पगार हातात असायचा. पण त्या घरात मी कधी एकटी अशी बसले नाही. दाराला कडी लावली की बाहेरून कुणीतरी विचारणार, बरं वाटत नाही का? पदरी पडलं पवित्र झालं, असं माझी आई म्हणायची. पवित्र झालं खरं, पण माझं झालं नाही.

हे निवृत्त झाले, मग ह्यांच्या छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, आणि घरी आल्यावर ह्यांना एकच ध्यास लागला. त्याच सुमारास चर्चमध्ये सूचना वाचून दाखवली होती. सिमेट्रीत जागा उरली नाही. जुन्या कायमच्या कबरींवर ज्यांचा हक्क असेल त्यांनी नातं दाखवून द्यावं. नाहीतर ती जागा साध्या रांगांत घेतली जाईल. साध्या रांगेत माणूस कायमचा राहत नाही. काही वर्षांनी खड्डा उघडतात, हाडं एका सामाईक विहिरीत जातात आणि जागा दुसऱ्याला मिळते.

माझे सासू-सासरे साध्या रांगेतच होते; तेव्हा जुनी कबर उघडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. हे एकदा आईच्या कबरीवर फुलं घेऊन गेले तर तिथे दुसऱ्याच कुणाचा क्रूस. हातातली फुलं तशीच परत आणली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. "माझी आई कुठे आहे ते मला दाखवता येत नाही," एवढंच म्हणाले. म्हणून आता भिंतीलगतची ती कबर ह्यांना हवी होती. स्वतःसाठी, आणि अर्थातच माझ्यासाठी. मला ती नको होती. मला वटारला, माझ्या आईजवळ जायचं होतं. पण छातीत स्टेंट घातलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यात भानगड अशी की त्या कबरीवर आणखी एका घरानं हक्क सांगितला. आमच्या गावात नावं मोजकी आणि आडनावं त्याहून मोजकी. म्हणून घरं ओळखतात ती खुणांवरून. आम्ही विहिरीवाले, ते चिंचेवाले. त्यांच्याही आजोबांचं नाव तेच, आडनाव तेच, आणि दोघं एकाच काळातले. चर्चच्या वहीत विहीर नाही नि चिंचही नाही. मयताच्या नोंदीत बापाचं नावही लिहायचे नाहीत. दोन म्हातारे, एकच नाव, एकच कबर.

नवे फादर वयानं तरुण आणि डोक्यानं थंड. ते म्हणाले, "नवरे दोन्ही सारखेच आहेत. पण दगडावर पत्नी आहे ना? ती कोण होती ते शोधून आणा. बायको ज्याची, कबर त्याची."

इथेच घोडं पेंड खात होतं. पत्नीचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. सासरे चार वर्षांचे असतानाच त्यांची आई नाहीशी झाली, आणि तिच्याबद्दल त्यांनी उभ्या आयुष्यात चकार शब्द काढला नाही. इतकी वर्षं पुरुषांच्या नावांची माळ ओढत आणली आणि आता पुरुष ओळखायला बायका लागत होत्या. मला आतून हसू येत होतं.

जुन्या अक्षरांची सवय म्हणून वह्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसच्या मागे एक खोली होती, तिची खिडकी रंग देताना चिकटलेली, ती उघडायची नाही. पंखा लावला तर पानं उडायची, बंद केला तर जीव जायचा. मी सकाळी जाऊन बसायचे आणि जेवायला घरी यायचे. पानांवर बायका होत्या, पण कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी विधवा अशाच. पुरुष एकदा जन्मतो आणि एकदा मरतो. बाई मात्र दर वेळी दुसऱ्याच्या नावाखाली सापडायची. एका दुपारी मी वही मिटली आणि रडले. कुणासाठी ते मला नीट सांगता आलं नसतं.

मग ह्यांना युक्ती सुचली. थोरल्या नातीला आजीचं नाव, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव तेच आजीचं नाव असणार. आम्ही दोघंही इतके खूश झालो की दुसरी शंका मनात आलीच नाही. त्या नावानं शोधलं आणि काही दिवसांत सापडलीही. त्या नावाची बाई, आमच्या आजोबांच्या नावाच्या माणसाची पत्नी, मयताच्या वहीत ठळक अक्षरात. हे फादरांसाठी पेढे घेऊन गेले. संध्याकाळी चिंचेवाल्यांचे म्हातारे काका हसत हसत आमच्या अंगणात आले.

"अरे, ती आमची आजी," ते म्हणाले. "साल बघा, आमचे बाबा जन्मले तेव्हाच गेली ती." "आमच्या थोरलीचंही नाव तेच आहे की! आम्हाला काय सापडत नव्हती. बरं झालं, तुम्ही शोधून दिली."

पेढे आमचे, आजी त्यांची. तिला कुठल्या कबरीत पुरली ते मात्र नोंदीत नव्हतं, म्हणून वाद तसाच राहिला. हे रात्री जेवले नाहीत. मी जेवले, आणि जेवताना माझ्या मनात आलं, की सासऱ्यांनी थोरल्या मुलीला स्वतःच्या आईचं नाव का दिलं नाही? अख्ख्या गावात ही रीत कुणी मोडत नाही. मग सासऱ्यांनीच का मोडली?

आता एकच वाट उरली होती. लग्न लागतं ते नवरीच्या चर्चमध्ये, आणि लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या बापाचं नावही असतं. म्हणजे आसपासच्या एकेका गावचं चर्च गाठायचं आणि आमचा नवरदेव शोधायचा. ह्यांना जिने झेपत नव्हते. मी रिक्षानं फिरू लागले. कुठे फादर बाहेर गेलेले, कुठे वाळवीनं पानं खाल्लेली. शेवटी राहिलं ते माझं माहेरचं चर्च. तिथे मी मुद्दामच जात नव्हते. माझी जागा मी ह्या सगळ्यापासून वेगळी राखून ठेवली होती.

तिथेच तो सापडला. आमचं गाव, बापाचं नाव बरोबर. आणि तिचं नाव. छोटंसं, साधं नाव, आमच्या घरात पुढे कुणालाच न दिलेलं. मी ते हळूच उच्चारून पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, मी त्याच चर्चची मयताची वही मागून घेतली. काही वर्षं पुढे ती होती. आमच्या गावच्या अमुक अमुकची पत्नी, इथे पुरली. इथे, म्हणजे वटारला.

मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. ती त्या कबरीत नव्हतीच! दगड इतकी वर्षं खोटं बोलत होता. आमच्या घरातली एक बाई सुटून माहेरी आली होती आणि माहेरच्या मातीत झोपली होती. मी तशीच भावाच्या घरी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "मलाही इथेच यायचंय. मेल्यावर."

भाऊ शेवग्याच्या शेंगा निवडत होता. "ये की," म्हणाला. "आईजवळ जागा आहे. पण भाऊजींना काय सांगशील?"

"ते माझं मी बघेन," म्हटलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं की मी बघेन.

पलीकडच्या खोलीत माझी आत्या असते. नव्वदीची, ऐकू कमी येतं, आठवतं मात्र सगळं. तिच्या कानाशी जाऊन मी ते नाव सांगितलं आणि विचारलं, ही कोण? आत्यानं लगेच ओळखलं.

"ती? ती झोपायला आली व्हती."

"म्हणजे? नवरा मारायचा का?"

"छे गं. मारीत नव्हता, पीत नव्हता. मला तिथं झोप येत नाय, म्हनायची. बस, एवढंच. पोर लहान व्हता, तो त्यांनी ठेवून घेतला. ही इथं येऊन झोपली. चांगली झोपायची म्हनतात. पुढं तापानं गेली."

"आणि इथेच पुरली."

"पुरली. पन ऱ्हायली कुठं?" आत्या म्हणाली. "तिचा नवरा मरायला टेकला तेव्हा बोलला, तिला आना. दगडावर एकट्याचं नाव कसं दिसेल, लोक काय म्हनतील? बैलगाडी घेऊन आले, हाडं काढली, लाल लुगड्यात बांधली नि नेली. मी लहान व्हते. आमच्या दारावरूनच गेली गाडी."

मी परत चर्चमध्ये गेले. मघाशी आनंदाच्या भरात समास पाहिलाच नव्हता. तिच्या नोंदीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, अस्थी नवऱ्याच्या गावी हलवल्या, भिंतीलगतच्या कबरीत. ह्यांना हवा होता तो पुरावा ह्याहून चांगला मिळाला नसता. चिंचेवाल्यांचा प्रश्न मिटला. ह्यांची कबर पक्की झाली आणि तिच्याबरोबर मीही.

हे मी कुणाला सांगितलंच नसतं तर? वही मिटून घरी गेले असते, सापडलं नाही म्हटलं असतं, तर कबर गेली असती. मग साध्या रांगेत काय आणि वटारला काय, ह्यांचा हट्ट उरला नसता. दोन दिवस मी गप्प राहिले. दोन्ही दिवस मी घरात आले की हे माझ्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. न विचारणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं मला जमत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या गोळ्या काढून दिल्या आणि सगळं सांगितलं. झोप येत नाही म्हणून गेलेली बाई, मागे ठेवलेला पोर, बैलगाडी. ह्यांनी गोळ्या तशाच हातात धरल्या.

"म्हणून बाबांनी ताईला तिचं नाव दिलं नाही," शेवटी म्हणाले. "चार वर्षांचे होते गं." मग पाणी प्यायले. "आणि तिला परत आणताना कुणी विचारलं नसणार."

"मेलेल्या माणसाला कोण विचारतं?"

"तू जिवंत आहेस," हे म्हणाले. "तुला विचारतो."

तीस-पस्तीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न केला नव्हता. उत्तर तयार होतं. "मला वटारला जायचंय," मी म्हटलं.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही."

हे खरं होतं, आणि तेच मला कुणाला समजावता येत नव्हतं. त्या आजेसासूला निदान झोप येत नव्हती. मला तर त्या घरात झोपही नेहमी छान लागली. तक्रार करायला मूठभरही जागा नव्हती, आणि तरी मला तिथून निघायचं होतं. हे उठले, बाहेर अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसले, आणि संध्याकाळी मला चहा करून दिला. साखर विसरले होते.

कबर आम्हाला मिळाली. चिंचेवाल्यांनीही समजूतदारपणा दाखवला. हक्क लिहून घ्यायला आम्ही ऑफिसात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी फक्त ह्यांचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"बायकोचं?" ह्यांनी विचारलं.

"ते वेगळं लिहावं लागत नाही," बाई म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव लिहिलं की बायको धरलेलीच असते."

त्या साध्या अर्थानं बोलल्या होत्या. आम्ही मराठीत असंच म्हणतो. मी जन्मभर मुलांना एका शब्दाचे दोन अर्थ शिकवले, पण 'धरलेली' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ मला त्या दिवशी अंगावर आला.

"हिला नकोय," हे म्हणाले. परक्या माणसासमोर, स्पष्ट आवाजात. मला ह्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. बाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "तसं असेल तर मुलांकडून लिहून आणा. तुमच्या माघारी पुरणार तर मुलंच ना."

आम्हाला एकच मुलगी. थोरली नात म्हणून तिला माझ्या सासूचं नाव. विरारला फ्लॅटमध्ये राहते, मुंबईला नोकरी करते, सासर राजोडीच्या बाजूला. रविवारी ती आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, एवढं लिहून दे. ती आधी हसली. मग पर्स बाजूला ठेवून माझ्याजवळ बसली.

"मम्मी, ऑल सोल्सच्या दिवशी माझं काय होतं तुला माहितीये? हाफ डे टाकून येते. आधी सासरच्या सगळ्या कबरी. फुलं, मेणबत्त्या, सासूबाईंची प्रार्थना. ती अर्धवट सोडून निघता येत नाही. आता पुढे पप्पा इथे आणि तू तिथे. अंधार पडायच्या आत मी दोन्हीकडे नाही गं पोचणार. एक राहणारच. आणि कोण राहील सांगू? तूच राहशील. कारण पप्पांना वाईट वाटेल, आणि तू रागावणार नाहीस हे मला माहितीये."

ती खोटं काहीच बोलली नव्हती. दर वर्षी मृतांच्या त्या दिवशी मीही आधी इथलं सगळं उरकून वटारला धावत गेले आहे. रिक्षा मिळाली नाही तर शेवटचा रस्ता चालत. बहुतेक वेळा फाटक बंद व्हायला आलेलं असायचं, आईच्या कबरीवर भावाच्या मेणबत्त्या विझत आलेल्या असायच्या, आणि माझी एक मी घाईघाईनं लावायचे. दोन-तीन वर्षं तर पोचलेच नाही. आई कधी रागावली नाही.

नवऱ्याशी मी भांडले असते. ऑफिसातल्या बाईंशी भांडले असते, फादरांशीही. मुलगी माझा हात हातात धरून बसली होती आणि उत्तराची वाट बघत होती. तिच्या ट्रेनची वेळ होत आली होती.

"राहू दे," मी म्हटलं. "मी इथेच राहीन."